पेडल पार खाली गेलं त्या दिवसापासून

जुनी गाडी घेतली की भेटेल तो एकच विचारतो, "स्टार्ट होते का?" मलाही तोच प्रश्न मोठा वाटत होता. १९६४ सालची चार दारांची सेडान, अकरा वर्षं एका जागी उभी असलेली. नवी बॅटरी टाकली, टाकीतलं शिळं पेट्रोल काढून टाकलं, कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर साठलेला काळा थर काढून फिलर गेजने गॅप लावला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिन चालू झालं. तो आवाज ऐकून जो आनंद झाला, त्याच्या भरात मी तीन आठवडे गाडी चालवली. ब्रेक लागत होते, म्हणून ब्रेक ठीक आहेत असं मी धरून चाललो.

चौथ्या आठवड्यात एका उताराच्या शेवटी, चौकाच्या जरा अलीकडे, मी ब्रेक दाबला आणि पेडल कसलाही विरोध न करता पार फ्लोअरला टेकलं. पुन्हा दाबलं, तेच. तिसऱ्यांदा थोडी पकड आली, पण गाडी थांबण्याइतकी नाही. दुसरा गिअर टाकला आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरत तो ओढत गेलो. बटण दाबून ठेवलं की मागची चाकं लॉक झाली तर लगेच सैल सोडता येतं. तेवढं भान त्या क्षणी राहिलं. चौकाची रेघ ओलांडून गाडी अर्धी पुढे जाऊन उभी राहिली. समोरून कोणी आलं नाही म्हणून हे लिहायला मी आहे. शेजारी माझी मुलगी बसली होती. गाडीत सीटबेल्ट नव्हता.

त्या दिवसानंतर सात महिने ती गाडी रस्त्यावर आली नाही. त्या सात महिन्यांत काय केलं आणि का केलं, ते सांगतो.

पहिल्यांदा एका वयस्कर मिस्त्रींना बोलावलं. ड्रम ब्रेकच्या (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमवर आतून शू दाबून थांबणाऱ्या) गाड्यांवर त्यांची उमर गेली होती. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. दार उघडून म्हणाले, "बसा. ब्रेक दाबा. जोरात नको, नेहमी दाबता तसा. आता तसाच धरून साठ मोजा."

मी मोजायला लागलो. वीसपर्यंत काही कळलं नाही. तिशीच्या आसपास पायाखाली पेडल हलकेच सरकल्यासारखं वाटलं, आणि साठ होईपर्यंत ते दोन बोटं खाली गेलं होतं.

"काका, पण ब्रेकचं तेल तर कुठेच गळत नाहीये."

"बाहेर गळत नाही म्हणजे आतून परत येतंय. मास्टर सिलिंडर काढा."

काढला. पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा हा सिलिंडर. त्याच्या आतल्या पिस्टनवरच्या रबरी वॉशरची कड एका बाजूने चिरली होती आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, अगदी टोकाला, गंजाचे खड्डे होते. रोजच्या वापरात पिस्टन तिथपर्यंत जातच नाही, म्हणून तो भाग वर्षानुवर्षं पाणी धरलेल्या तेलात बसून सडतो. मी गाडी चालू केल्यावर "ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून टाकू" म्हणून पेडल दणादण फ्लोअरपर्यंत मारलं होतं. त्या वेळी वॉशर त्या खड्ड्यांवरून घासला गेला. ज्या कामाने ब्रेक सुधारले असं मला वाटत होतं, त्याच कामाने ते मोडले होते. उभ्या राहिलेल्या गाडीचं पेडल पूर्ण खालपर्यंत मारायचं नाही; फ्लोअरवर लाकडाचा ठोकळा ठेवून पाऊण भागच दाबायचं, हे मी तिथे शिकलो.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तोपर्यंत माहीतच नव्हती. माझ्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे. एका मास्टर सिलिंडरमधून निघालेलं तेल चारही चाकांना जातं. कुठेही एक नळी फुटली, एक वॉशर फाटला, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. नंतरच्या गाड्यांत हे सर्किट दोन भागांत विभागलं गेलं. अमेरिकेत तर १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत मागे उरतो तो फक्त केबलचा हँडब्रेक. म्हणून जुन्या गाडीचा हँडब्रेक म्हणजे पार्किंगची सोय नव्हे, तो दुसरा ब्रेक आहे. त्याची केबल सुटी करून, ग्रीस लावून, ताण नीट बसवायला मी अख्खा रविवार दिला.

मास्टर सिलिंडर नवाच घेतला. खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नुसतं रबरी किट टाकून भागवावं, असा विचार मनात आला होता. तो सोडून दिला. चारही चाकांचे व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारे) उघडले, त्यातले दोन जाम होते. लोखंडी नळ्या बाहेरून रंगवलेल्या, चकचकीत; एक कापून पाहिली तर आत तपकिरी भुगा. सगळ्या नळ्या तांबं-निकेलच्या करून घेतल्या, त्या गंजत नाहीत. पुढच्या डाव्या चाकाचा रबरी होज बाहेरून धड दिसत होता, पण आतून फुगून जवळजवळ बंद झाला होता. पायाच्या जोराने तेल आत जायचं, परत यायचं नाही. त्या चाकाचा ड्रम नेहमी गरम का लागायचा, त्याचं उत्तर तिथे मिळालं.

ड्रम उघडताना एक खबरदारी मी अजिबात सोडली नाही. त्या काळातल्या ब्रेक लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असायचं, ते श्वासातून गेलं तर फुफ्फुसांना घातक. ड्रममधली ती काळी भुकटी एअर प्रेशरने उडवायची किंवा कोरड्या ब्रशने झाडायची नाही. मास्क लावायचा, भुकटी ओली करायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि ते फडकं पिशवीत बंद करून टाकून द्यायचं. लायनर जुने की बदललेले, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, तेव्हा सगळे जुनेच समजायचे.

मग हवा काढायचं काम. यासाठी दोन माणसं लागतात. मुलगी सीटवर, मी चाकाखाली. गाडी जॅकवर नाही, चारही बाजूंनी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, त्याच्यावर टेकलेल्या गाडीखाली डोकं घालण्यासाठी नाही. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. चाकामागच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं.

"दाब."

"दाबलं, बाबा."

"धरून ठेव." मी निपल पाव फेरा उघडायचो, नळीतून बुडबुड्यांची माळ निघायची, निपल बंद. "सोड. सावकाश."

असं एका चाकाला वीस-वीस वेळा. आधी तेल चहाच्या रंगाचं, मग पिवळसर, शेवटी पाण्यासारखं स्वच्छ आणि एकही बुडबुडा नाही. मधूनमधून उठून मास्टर सिलिंडरची वाटी भरायची. ती रिकामी झाली की हवा पुन्हा आत आणि सगळं पहिल्यापासून. चौथ्या चाकानंतर मुलगी आतून म्हणाली, "बाबा, आता घट्ट लागतंय. पहिल्यासारखं मऊ नाही." मी हात पुसून स्वतः बसलो, पेडल दाबलं आणि साठ मोजले. पाय होता तिथेच होता.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, हे वाचून माहीत होतं. त्याचा अर्थ आता कळला. डॉट ४ प्रतीच्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर साधारण पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. लांब उतारावर व्हील सिलिंडरजवळचं तेल तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल खाली जातं. माझ्या गाडीतलं तेल निदान अकरा वर्षांचं होतं. आता दर दोन वर्षांनी पूर्ण बदलतो आणि तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतो.

ब्रेकच्या खालोखाल मला भीती वाटते ती आगीची. जुन्या रबरी पेट्रोल नळ्यांना इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसत नाही. माझ्या गाडीची पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची नळी नखाने दाबली तर तिच्यावर बारीक भेगा उमटत होत्या. नळीखाली एग्झॉस्ट मॅनिफोल्ड, तापल्यावर हात जवळ नेता येणार नाही असा. एक थेंब पुरे होता. सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या, क्लिप नव्या लावल्या. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवला; गाडी उभी केली की तो बंद. मूळ वायरिंगमध्ये अख्ख्या गाडीला दोनच फ्यूज होते आणि हेडलाइटला तर एकही नव्हता, तिथे रिले आणि फ्यूज घातले. बॅटरी काढताना बॉडीला जोडलेली केबल आधी सोडायची, हा नियम इथे नीट लक्षात घ्यायला हवा, कारण माझ्या गाडीची बॉडी पॉझिटिव्हला जोडलेली आहे. "मायनस आधी" असं पाठ केलेला माणूस इथे फसतो. पाना बॉडीला लागून ठिणगी उडू नये हा उद्देश, तेव्हा खूण न पाहता केबल कुठे जाते ते पाहायचं.

अग्निशामक डिकीत ठेवला होता, तो ड्रायव्हरच्या सीटपुढे हात पोचेल असा बसवला. बॉनेटखाली धूर दिसला तर बॉनेट सताड उघडायचं नाही, आत हवा शिरते आणि आग भडकते. गाडी बंद, सगळे बाहेर, आणि बॉनेट फक्त लॅच सुटेल इतकंच करून फटीतून मारा. आग वाढली तर गाडी सोडून लांब व्हायचं. मुलीला हे तोंडपाठ आहे.

टायरांबद्दल थोडक्यात. नक्षी भरपूर होती म्हणून मी खूश होतो, पण टायरचं वयही पाहायचं असतं. टायरच्या कडेवर DOT या अक्षरांनंतरच्या मजकुरात शेवटचे चार आकडे पाहायचे. पहिले दोन म्हणजे टायर बनला तो आठवडा, पुढचे दोन वर्ष. २००० सालाआधीच्या टायरवर तीनच आकडे असतात. माझ्या स्टेपनीवर तीन होते. पाचही टायर बदलले.

स्टिअरिंग तपासायची एक पद्धत मिस्त्रीकाकांनी दाखवली, ती मला फार आवडली. पुढचं चाक उचलायचं, वर आणि खाली धरून हलवायचं. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलाई) नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा. ब्रेकमुळे ड्रम आणि स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) एकजीव होतात, म्हणून बेअरिंगची ढिलाई लपते. माझा राहिला. किंगपिन आणि बुश नवे घातले, आणि आता दर दीड हजार किलोमीटरला गन घेऊन प्रत्येक ग्रीस निपलमध्ये ग्रीस भरतो, जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत. चाकं जमिनीवर असताना काही निपल ग्रीस घेत नाहीत, वजन उचललं की घेतात.

सीटबेल्टसाठी मी सगळ्यात जास्त थांबलो. तीन टोकांचा बेल्ट निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वोत आणला, पण पुढे बरीच वर्षं अनेक गाड्या बेल्टशिवाय येत राहिल्या. पातळ पत्र्याला भोक पाडून बेल्ट लावला तर धक्क्यात बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो. पुढच्या दोन सीटना दारामागच्या खांबाच्या आणि दाराखालच्या सिलच्या मजबूत भागात जाड पट्ट्या वेल्ड करून घेतल्या, मगच बेल्ट. मागे मजबूत जागा मिळाली नाही, म्हणून मागच्या सीटवर मी कोणालाच बसवत नाही. पाहुणे नाराज होतात, होऊ देत. आणि स्टिअरिंग कॉलम म्हणजे एक सरळ लोखंडी दांडा आहे, समोरून धडक बसली तर तो दबत नाही. त्याला मी काही करू शकलो नाही. सीट एक खाच मागे घेऊन बसतो, एवढंच.

चालवण्याची पद्धतही बदलावी लागली. पुढच्या वाहनाशी मी दुप्पट अंतर ठेवतो. लोकांना ती जागा मोकळी वाटते आणि ते आत शिरतात. मी पुन्हा मागे सरतो. जो घाट ज्या गिअरमध्ये चढतो, तो त्याच गिअरमध्ये उतरतो, कारण ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो आणि लायनरची पकडही ढिली पडते. पाण्यातून गेल्यावर थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून ड्रम वाळवतो. इंजिनचं तापमान वर गेलं तर थांबतो, आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायला निदान अर्धा तास जाऊ देतो. आत दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नसतं. झाकण सैल केलं की ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

गॅरेजचं शटर उघडल्याशिवाय सेल्फ मारत नाही. गार इंजिन चोकवर असताना धुरात कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त असतो आणि त्याला वास नाही.

निघण्याआधी पेडल दाबून साठ मोजतो, दर वेळी. मुलगी शेजारी असली तर ती मोठ्याने मोजते. गेल्या रविवारी तिने चाळीसला थांबून विचारलं, "बाबा, मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल कसली आहे? मघाशी दार लावताना पाहिली." पेडल घट्ट होतं. खाली वाकून बोट लावलं, बोट चिकट झालं. व्हील सिलिंडर पाझरायला लागलाय. कट-ऑफ बंद केला, बेत रद्द केला. गाडी आत्ता घोड्यांवर आहे, ड्रम काढलाय, आणि तेल लागलेले शू पुसून परत लावायचे नाहीत म्हणून दोन्ही बाजूंचे नवे मागवलेत.