काट्याच्या थापा

गाडीत बाहेरून आणलेलं आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारं मीटर बसवलं आणि काटा थापा मारू लागला, की लगेच मीटर परत करायला निघू नये. हा थापाड्या हिशेबी असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. मीटरमागे सिलिंडरची संख्या सांगणारा स्विच असतो. तो आठवर राहिला असेल तर आयडलिंगचे, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं तेव्हाचे 900 फेरे काटा 450 सांगतो, सहावर असेल तर 600. जुन्या मारुती 800ची तऱ्हा निराळी. तिला सिलिंडर तीन, आणि पुष्कळ मीटरांवर खुणा चार, सहा, आठ एवढ्याच. तिथे स्विच सहावर ठेवावा आणि दिसेल त्याची दुप्पट धरावी. चारवर ठेवलं तर पाऊणपट दिसतं, आणि घाटात पाऊणकीचा पाढा कोण म्हणणार!

डिझेलला ठिणगीच नाही. तिथे अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) फिरण्याचे ठोके देणाऱ्या डब्ल्यू टर्मिनलवर चालणारं मीटर लागतं.

काटा उड्या मारत असेल, तर ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून आणलेली सिग्नलची वायर प्लगच्या वायरींना खेटून गेली आहे का ते बघा. ती लांब घ्या. तरीही थांबला नाही, तर त्या वायरीत 10 किलोओहमचा रेझिस्टर टाकून बघावा, बहुधा भागतं. इंजिन चालू असताना मात्र तिथे हात नको, त्या टोकाला दोन-तीनशे व्होल्टचे झटके येत असतात.

पण मालवण-वेंगुर्ल्याकडे पहिला संशय अर्थिंगवरच, म्हणजे मीटरची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते त्या जोडावरच घ्यावा. हेडलाइट लावताच काटा सरकला, की समजा काळी वायर कुजली. मल्टिमीटरचं एक टोक मीटरच्या काळ्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. लाइट चालू असताना 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर जोड खराब. डॅशबोर्डखालच्या रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूला नुसती गुंडाळलेली तार खाऱ्या वाऱ्यात गणपतीपर्यंतसुद्धा टिकत नाही, कल्हई उडालेल्या भांड्यासारखी हिरवी होते. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, आत तांबं काळं पडलेलं असतं. लाल चकचकीत तार लागेपर्यंत मागे कापत जावं, कधी चार बोटं, कधी वीतभर. मग पत्रा पॉलिश पेपरने उघडा करून तारेच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं, म्हणजे थिंबल, घट्ट आवळावं, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन.

लाल वायर चावीनंतरच्या लाइनवर, मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज. तिथे फारसं बिघडत नाही.

इंजिनाकडून वायर आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. भोकाच्या अलीकडे वायर थोडी खाली झोळ देऊन सोडावी, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन पागोळीसारखं बाहेरच गळतं. ताठ ओढून घेतलेली वायर धरून मिरगाचा पहिलाच पाऊस फ्यूज बॉक्सपर्यंत जातो.