भूकंपाच्या आधी गडगड का ऐकू येते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कोयनेच्या भूकंपांच्या पट्ट्यातली, म्हणजे पाटण, हेळवाक, मोरगिरी, ढेबेवाडी या बाजूची बरीच मुलं अकरावी-बारावीला कराडला येतात. त्यांना भौतिकशास्त्र शिकवताना लहरींचा धडा निघाला, की मागच्या बाकावरून एक ठरलेला प्रश्न येतो. पालकसभेला आलेले आईवडीलही तोच विचारतात. "मॅडम, धक्का बसायच्या आधी जमिनीतून गडगड असा आवाज येतो, तो कशाचा? आणि आवाज आल्यावर बाहेर पळायला वेळ मिळतो का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. तो आवाज म्हणजे भूकंपच. आवाज कानावर पडतो तेव्हा खोलवर खडक तुटून, सरकून झालेला असतो. त्यातून निघालेली पहिली लहर तुमच्या दारात पोचलेली असते आणि दुसरी, जिला आपण धक्का म्हणतो, ती अजून वाटेत असते. पळायला वेळ मिळतो का, हे तुम्ही कुठं राहता यावर आहे. तिथपर्यंत यायला मात्र लहर म्हणजे काय हे आधी नीट बघावं लागेल.

वर्गात मी एक लांब, सैल स्प्रिंग फरशीवर पसरते. दोन मुलं दोन टोकं धरून बसतात. मधल्या एका वेढ्याला लाल दोरा बांधलेला असतो. एका मुलानं आपलं टोक पटकन पुढं ढकललं, की तिथले वेढे दाटतात आणि तो दाटपणा सरसर दुसऱ्या टोकाला जातो. लाल दोरा बोटभर पुढं जातो, बोटभर मागं येतो आणि पुन्हा आपल्या जागी थांबतो. मग तेच टोक आडवं झटकायला सांगते. आता स्प्रिंगला बाक येतो, तो बाक पुढं पळतो, आणि लाल दोरा डावीउजवीकडं हलून परत जागेवर. दोन्ही वेळा पलीकडच्या मुलाच्या हाताला झटका बसतो, पण स्प्रिंगचा एकही वेढा त्याच्याकडं गेलेला नसतो. हे दिसलं की मुलं गप्प होतात आणि पुन्हा करून बघायला मागतात. मला तो क्षण फार आवडतो. कोयनेच्या खोऱ्यातला वाळूचा एक कणही कराडला येत नाही. हलण्याची क्रिया तेवढी येते, आणि तिच्याबरोबर ऊर्जा येते.

ढकलण्याची जी लहर, तिच्यात कण लहरीच्याच दिशेनं मागंपुढं होतात. तिला पाठ्यपुस्तकात अनुतरंग म्हणतात. झटकण्याची ती अवतरंग. तिच्यात कण आडवे हलतात. खडक फुटतो तेव्हा या दोन्ही लहरी एकाच क्षणी निघतात. खडकाला दाबणं जितकं अवघड, तितकं त्याला तिरकं सरकवणं अवघड नसतं, आणि पदार्थ जितका जास्त विरोध करेल तितकी लहर त्यातून वेगानं जाते. म्हणून कठीण खडकात दाबाची लहर सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर धावते आणि आडवी लहर साडेतीनच्या आसपास. आधी पोचते ती प्राथमिक, मागून येते ती दुय्यम. भूकंपशास्त्रात त्यांना पी आणि एस म्हणतात, मीही तसंच म्हणते.

आता आवाजाकडं येऊ. हवेतला ध्वनी हाही अनुतरंगच. हवा दाबली जाते, सैल होते, आणि हे कानापर्यंत येतं. पी लहर खालून वर येऊन जमिनीला भिडली, की जमिनीचा पृष्ठभाग हलगीच्या कातड्यासारखा थरथरतो आणि वरच्या हवेला ढकलतो. म्हणजे तो आवाज कोयनानगरहून हवेतून चालत येत नाही. तुमच्या अंगणातली जमीनच तो काढते. हिशेब करून बघा. कोयना धरणापासून कराड सरळ रेषेत साधारण 47 किलोमीटर. हवेत आवाज सेकंदाला 340 मीटर जातो, म्हणजे हवेतून यायला त्याला सव्वादोन मिनिटांहून जास्त लागली असती. धक्का बसून, माणसं बाहेर येऊन, पुन्हा घरात गेल्यावर आवाज आला असता. एस लहर स्वतः हवेत शिरू शकत नाही, कारण हवा आणि पाणी यांना आडवं सरकवलं तर ती मुळीच विरोध करत नाहीत, म्हणून आडवी लहर त्यांच्यातून जातच नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात होडीत बसलेल्या माणसाला खालून पी लहरीचा दणका जाणवेल. एसचा आडवा हिसका पाण्यातून त्याच्यापर्यंत येणार नाही.

मग प्रत्येक भूकंपाला असा आवाज का येत नाही? आपल्याला सेकंदाला 20 ते 20,000 कंपनं एवढंच ऐकू येतं. जवळच्या, लहानशा भूकंपातली कंपनं पुरेशी जलद असतात, खालचा खडक टणक असला तर ती न विरता वर येतात, आणि आपल्या कानाच्या खालच्या टोकाला, त्या घुमणाऱ्या गडगडाटाच्या रूपात ऐकू येतात. लांबचा प्रवास झाला की जलद कंपनं खडकातच विरतात आणि मंद तेवढी उरतात. म्हणून शेकडो किलोमीटरवरच्या मोठ्या भूकंपात आपला पंखा हलतो, पण कानाला काही कळत नाही. कोयनेचे भूकंप बहुतेक 10 किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात आणि वर सगळा काळा पाषाण. रासाटीजवळ संशोधनासाठी विंधण घेतलं तेव्हा तो पाषाण 930 मीटरच्या पुढं संपला आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. गोठण्याजवळ तर 2017 साली 3 किलोमीटर खोल विंधण पूर्ण झालं. त्या सगळ्या कामाची प्रयोगशाळा कराडशेजारी हजारमाचीला आहे. आमच्या मुलांच्या घराखालच्या खडकावर जगभरातले लोक अभ्यास करतात, हे मी वर्गात मुद्दाम सांगते.

आवाज आणि धक्का यांच्यात किती सेकंद गेले, यावरून भूकंप किती लांब झाला हे घरबसल्या काढता येतं. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत सेकंद मोजून तिनानं भागलं की किलोमीटर मिळतात, हे तुम्हाला माहीत असेल. तिथं उजेड जवळजवळ त्याच क्षणी येतो. इथं दोन्ही लहरींना वेळ लागतो, म्हणून हिशेब थोडा वेगळा. दोघींच्या वेगांची वजाबाकी-भागाकार केली की असं निघतं: मधल्या सेकंदांना आठनं गुणा, ते झालं अंतर किलोमीटरमध्ये. कोयना धरणाजवळ भूकंप झाला, तर पाटणला सुमारे 2 सेकंदांचा फरक पडेल, सातारा शहरात 5, कराडला 6 आणि सांगलीत 13. कराड-सांगलीत लहान धक्क्याचा आवाज सहसा ऐकू येणार नाही. तिथं आधी बारीक थरथर, मांडणीवरची भांडी किणकिणणं, आणि मग हिसका, असा क्रम लागतो. भूकंपमापकाच्या कागदावर हाच क्रम रेघेत दिसतो. सपाट रेघ, मग बारीक दाट खरवड, आणि अचानक मोठे हेलकावे. तीन ठिकाणचे असे कागद घेतले, प्रत्येकावरून अंतर काढलं, नकाशावर तीन वर्तुळं मारली, की जिथं ती एकमेकांना छेदतात तिथं भूकंप. 1985 नंतर वारणेच्या धरणात पाणी साठू लागलं आणि पुढं भूकंपांची जागा दक्षिणेकडं, वारणेच्या बाजूलाही सरकली, हे अशाच मोजणीनं कळलं.

या लहरी वेगवेगळ्या ओळखता येतात, हे पहिल्यांदा दाखवलं ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी, 1897 च्या आसामच्या मोठ्या भूकंपाच्या नोंदींवरून. पुढं 1906 साली त्यांनीच लहरींच्या वेळांवरून पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे हे सांगितलं. गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव आहे हे नंतर ठरलं, कारण एस लहरी त्यातून पलीकडं येतच नाहीत. जिथं कुणाला कधी जाता येणार नाही तिथलं ज्ञान माणसानं लहरीच्या वेळेवरून मिळवलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणि ही युक्ती तुमच्या रोजच्या जगण्यात आहेच. सोनोग्राफीला गेलात की पोटावर फिरवतात त्या यंत्रातून कानाला न ऐकू येणारा ध्वनी आत जातो, अवयवाच्या कडेवर आपटून परत येतो. शरीरात त्याचा वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर धरतात. 10 सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला 130 मायक्रोसेकंद लागतात (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि पडद्यावर त्या खोलीला एक ठिपका ठेवतं. अशा असंख्य ठिपक्यांतून बाळाचं नाक-कपाळ उमटतं. ती थंडगार जेल लावतात, कारण कातडी आणि यंत्र यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनी तिथूनच मागं फिरतो. मोबाईलवरचा नकाशाही वेळच मोजतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींना इथं यायला किती वेळ लागला, हे चार उपग्रहांसाठी मोजलं की तुमची जागा निघते. रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगानं जाते, म्हणून घड्याळ एका मायक्रोसेकंदानं चुकलं तर अंतर 300 मीटरनं चुकेल.

राहिला पळण्याचा प्रश्न. जपाननं 2007 पासून देशभर अशी व्यवस्था चालू केली, की पी लहर पकडायची आणि एस लहर पोचायच्या आत लोकांना इशारा द्यायचा. इशारा रेडिओ लहरींनी जातो आणि त्या खडकातल्या लहरींना सहज मागं टाकतात. अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा देण्याची सोय भारतातही 2023 पासून आहे. पण पकडायला, ठरवायला आणि कळवायला दोन-चार सेकंद जातातच. सांगलीला त्याचा उपयोग होईल, कराडला काठावर. कोयना खोऱ्यातल्या माणसाला मी खोटी आशा दाखवणार नाही. हेळवाकला, कोयनानगरला आवाज आणि हिसका यांच्यात एक-दोन सेकंद मिळतात. दारातच उभे असाल तर अंगणात या. आतल्या खोलीत असाल तर धावू नका. दगडी भिंतीपासून लांब, भक्कम टेबलाखाली किंवा पलंगाखाली डोकं झाकून बसा.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा माणसं झोपेत होती. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या आतल्या उपकरणावर आडवं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या 0.63 पटीपर्यंत नोंदलं गेलं. धरणाला आडवे तडे गेले, नंतर मागून आधार देऊन ते भक्कम केलं. जलाशयाच्या पाण्यामुळं चाळवलेला एवढा मोठा भूकंप जगात दुसरा नोंदलेला नाही. माणसं मेली ती घरांखाली. आणि घरं का पडली, हेही लहरींचा फरकच सांगतो. भिंत बांधली जाते वजन पेलायला, वरून खाली. पी लहर तिला वरखाली हलवते, तेवढं ती सोसते. एस लहर तिला आडवं ओढते. मातीच्या चिखलात रचलेली, दोन पदरी, जड दगडी भिंत त्या आडव्या ओढीपुढं फाकते, कोपऱ्यातून सुटते आणि छत घेऊन खाली येते.

म्हणून कुणी घर बांधत असेल तर मी आवाजाची चर्चा बाजूला ठेवून भिंतींचंच विचारते. दारं-खिडक्यांच्या वर, लिंटलच्या पातळीला, काँक्रीटचा सलग पट्टा हवा. तो चारही बाहेरच्या भिंतींवरून आणि आतल्या भिंतींवरूनही, कुठं न तुटता फिरला पाहिजे, आणि त्यातली सळई कोपऱ्यावर कापून न टाकता वाकवून पुढच्या भिंतीत गेली पाहिजे. दगडी भिंत असेल तर दोन्ही पदर बांधणारे, आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घालायला गवंड्याला सांगा, आणि ते घालताना स्वतः तिथं उभे राहा.