'सेफ'ला टॅग कोणता?

इंग्रजी वाक्यांतल्या प्रत्येक शब्दाची जात ठरवून तिचा टॅग लावायचा, हे आमच्या टीमचं काम. संगणकाला भाषा शिकवायची तर आधी माणसांनी हाताने टॅग लावलेली वाक्यं लागतात. एकच वाक्य दोघांकडे वेगवेगळं जातं. टॅग जुळले तर ते पुढे सरकतं, नाही जुळले तर माझ्याकडे येतं. आम्ही पेन ट्रीबँक या टॅग लावलेल्या इंग्रजी वाक्यांच्या संग्रहाची 36 टॅगची यादी वापरतो. तिच्यात विशेषणाला जेजे आणि क्रियाविशेषणाला आरबी. सगळ्यात जास्त वाद होतात ते या आरबीवरून. क्रियाविशेषण म्हणजे व्याकरणाचा माळा. जे दुसरीकडे कुठे बसलं नाही ते पिढ्यान् पिढ्या तिथेच चढवून ठेवलंय.

त्या दिवशी वाक्य आलं होतं, 'शी अराइव्ह्ड होम सेफ'. चारच शब्द, आणि त्यातल्या दोघांवर मतभेद. एकाने 'होम'ला नाम म्हटलं होतं आणि 'सेफ'ला क्रियाविशेषण. दुसरीने 'होम'ला क्रियाविशेषण आणि 'सेफ'ला विशेषण. मी दोघांना बोलावून घेतलं.

'होम' लवकर मिटलं. नाम असतं तर 'अराइव्ह्ड'नंतर 'अ‍ॅट' लागलं असतं, जसं 'अराइव्ह्ड अ‍ॅट द स्टेशन'. इथे 'होम' 'देअर'सारखं एकटंच उभं आहे आणि कुठे पोहोचली ते सांगतंय. म्हणून आरबी.

"पण ताई, 'सेफ'चं काय? कशी पोहोचली, तर सेफ. 'कसं'चं उत्तर देणारा शब्द क्रियाविशेषणच ना?" तो म्हणाला.

शाळेत आपण सगळे हेच शिकतो: कसं, कधी, कुठे, किती असं विचारा आणि उत्तर येईल ते क्रियाविशेषण. सुरुवातीला ठीक आहे, पण या प्रश्नांवर विसंबून टॅग लावता येत नाहीत, हे मी टीममध्ये आलेल्या प्रत्येकाला कळकळीने सांगते. 'कसं'चं उत्तर इंग्रजीत विशेषणही देतं. मी त्याला 'सेफ' काढून 'क्विकली' घालायला सांगितलं. वाक्य बसलं. मग 'अलाइव्ह' घालायला सांगितलं. तेही बसलं, आणि 'अलाइव्ह' तर निखळ विशेषण. म्हणजे त्या जागेवर दोन्ही जाती चालतात. जागा पाहून निकाल लागत नाही.

"मग कर्त्याला लावून बघू," ती म्हणाली. "'शी वॉज सेफ' चालतं, 'शी वॉज क्विकली' चालत नाही. म्हणजे 'सेफ' तिच्याबद्दल आहे, पोहोचण्याबद्दल नाही."

त्याने लगेच अडवलं. "'ही ड्रोव्ह फास्ट' घे. 'ही वॉज फास्ट'सुद्धा चालतं. मग 'फास्ट' विशेषण?"

आक्षेप अगदी रास्त होता. 'फास्ट', 'हार्ड', 'लेट' या शब्दांचं विशेषण आणि क्रियाविशेषण एकाच रूपात असतं, त्यामुळे त्यांच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही. अशा वेळी त्याच अर्थाचा, पण दोन्ही रूपं वेगळी असलेला शब्द आणायचा. 'ड्रोव्ह रॅपिडली' चालतं, 'ड्रोव्ह रॅपिड' चालत नाही. म्हणून तिथला 'फास्ट' क्रियाविशेषण. आता 'सेफ'च्या जागी 'अनहर्ट' ठेवा. चपखल बसतं, आणि 'अनहर्टली' असं कोणी म्हणतच नाही. 'सेफ'ला जेजे. त्याने मान डोलावली आणि स्वतःच टॅग बदलला.

'फास्ट'ला 'ली' का नाही, हे त्याला तरीही जाणून घ्यायचं होतं. मला हा इतिहास फार आवडतो, म्हणून सांगत बसले. जुन्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी 'ए' हा स्वर जोडला की क्रियाविशेषण होई. पुढे शेवटचे स्वर झिजून गेले आणि दोन्ही रूपं सारखीच उरली. 'ली'चंही असंच झालं. पूर्वी 'लिच' लागला की विशेषण आणि 'लिचे' लागला की क्रियाविशेषण. शेपटी गळाली आणि दोघांचं 'ली' झालं. म्हणून 'फ्रेंडली', 'कॉस्टली' ही नामाला 'ली' लागून झालेली विशेषणं, तर 'स्लोली' हे विशेषणाला 'ली' लागून झालेलं क्रियाविशेषण. 'डेली' आणि 'अर्ली' दोन्हीकडे. 'फॅमिली' आणि 'रिप्लाय'चा तर या प्रत्ययाशी संबंधच नाही, शेवटची अक्षरं तेवढी सारखी.

मराठी माणसाची इथे आणखी एक अडचण असते. आपण 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' म्हणतो. गाण्याबद्दल बोलत असतानाही 'चांगला' कर्त्याप्रमाणे बदलतो. त्यामुळे 'शी सिंग्ज गुड' आपल्या कानाला खटकत नाही, तिथे 'वेल' हवं हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. उलट 'द साँग साउंड्स गुड' मध्ये 'गुड'च बरोबर, कारण तिथे 'साउंड्स' नुसतं गाण्याला त्याच्या गुणाशी जोडतं.

दुपारी 'अप'ची वाक्यं निघाली. 'ही लुक्ड अप द चिम्नी' आणि 'ही लुक्ड अप द वर्ड'. दिसायला सख्खी भावंडं. 'द वर्ड'च्या जागी 'इट' घातलं की 'लुक्ड इट अप' होतं, 'अप' मागे जातो. चिमणीच्या वाक्यात 'लुक्ड अप इट' हाच क्रम राहतो. म्हणजे धुराड्यातला 'अप' शब्दयोगी अव्यय, तर शब्दकोशात बघण्यातला क्रियापदाचा जोडीदार. त्याला आमच्या यादीत आरपी हा वेगळा टॅग आहे.

निघायच्या वेळी ती पुन्हा आली. हातात 'द सूनर द बेटर'. दोघांनीही दोन्ही 'द'ना आर्टिकलचा टॅग दिला होता, मतभेद नव्हता, म्हणून ते माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. "पण ताई, पुढे नाम कुठाय? आर्टिकल कोणाचं?"

तिने हे स्वतःहून हेरलं याचा मला मनापासून आनंद झाला. शब्दकोशांत हा 'द' क्रियाविशेषण म्हणूनच वेगळा नोंदलेला असतो. जुन्या इंग्रजीतल्या दर्शक सर्वनामाच्या तृतीयेपासून तो आलाय, मूळ अर्थ 'तेवढ्याने'. 'जितक्या लवकर तितकं बरं' मधल्या 'तितकं'चंच काम तो करतो. एका वाक्यासाठी टॅग बदलून भागणार नव्हतं. या घाटाची सगळी वाक्यं, ज्यांवर मतभेद नव्हता तीसुद्धा, एकत्र काढून नियमावलीत नवीन कलम घालावं लागणार होतं. तिने खुर्ची ओढली आणि शोध सुरू केला.