टाकाऊ प्लास्टिक: आधी स्वभाव, मग उपयोग

‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली जे दाखवले जाते, त्यातले बरेचसे काही महिन्यांत पुन्हा टाकाऊच होते. रंगवलेल्या आणि चमकी चिकटवलेल्या बाटलीचा रंग उडतो, आणि तोवर गोंद व चमकीमुळे ती पुनर्चक्रणाच्याही कामाची उरलेली नसते. म्हणून हाती आलेल्या प्लास्टिकचे काही करण्यापूर्वी मी दोनच गोष्टी पाहते: त्यामुळे एखादी खरेदी खरोखर टळते का, आणि वस्तूचे काम संपल्यावर ती सुक्या कचऱ्यात स्वच्छ जाऊ शकते का.

यासाठी प्लास्टिकची जात ओळखावी लागते. डब्यांच्या आणि बाटल्यांच्या तळाशी त्रिकोणात असणारे आकडे १९८८ पासून वापरात आहेत. १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी, २ म्हणजे शाम्पू आणि डिटर्जंटच्या बाटल्यांचे जाड एचडीपीई, ४ म्हणजे पातळ पिशव्यांचे एलडीपीई आणि ५ म्हणजे डबे व झाकणांचे पॉलिप्रॉपिलीन. हा आकडा केवळ जात सांगतो. वस्तूचे पुनर्चक्रण होईलच अशी हमी तो देत नाही. आकडा पुसला गेला असेल तर छोटा तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडावा. २, ४ आणि ५ पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर येतात, पीईटी आणि पीव्हीसी तळाशी जातात.

या सर्वांत पीईटीची बाटली मला सर्वांत उपयोगी वाटते, आणि त्याचे कारण तिच्या घडणीत आहे. परीक्षानळीसारख्या दिसणाऱ्या जाड नळीला तापवून, ताणून आणि आत हवा भरून ती फुगवलेली असते. त्या ताणामुळे पातळ भिंतीलाही बळ येते. पण साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापताच ताणलेले रेणू मोकळे होतात आणि बाटली आकसते. उकळते पाणी ओतल्यावर बाटली वेडीवाकडी होते ती याचमुळे, आणि हाच दोष कामाला लावता येतो. गुळगुळीत भिंतीच्या बाटलीचा तळ कापून टाकावा आणि कडेपासून गोल गोल कापत एकसलग पट्टी काढावी. हाताने रुंदी सारखी राहत नाही, म्हणून लाकडी ठोकळ्याला खाच पाडून तिच्यात आडवे पाते घट्ट बसवावे. पात्याची ठोकळ्यापासूनची उंची हीच पट्टीची रुंदी ठरते. ही पट्टी अवजाराच्या तडा गेलेल्या दांड्यावर ताणून गुंडाळावी, टोके आत खोवावीत आणि गरम हवेच्या यंत्राने सर्व बाजूंनी शेक द्यावा, म्हणजे ती आकसून विलक्षण घट्ट बसते. उघडी ज्योत मात्र वापरू नये, आणि जिच्यावर कुणाचा जीव अवलंबून असेल अशा ठिकाणी ही पट्टी बांधू नये.

पातळ पिशव्यांचा स्वभाव वेगळा असतो. त्या आडव्या कापून मिळणारी वेढी एकमेकांत अडकवली की लांब दोरा तयार होतो, आणि जाड क्रोशाच्या सुईने त्याची बसकणे किंवा पायपुसणी विणता येतात. बेकिंगच्या कागदाच्या दोन तावांमध्ये काही थर ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवली तर ते एकजीव होऊन कापडासारखा ताव मिळतो; धूर दिसला तर उष्णता जास्त झाली असे समजावे, आणि खिडक्या उघड्या असाव्यात हे वेगळे सांगायला नको. या तावावर टाके लांब घालावेत, कारण जवळजवळच्या छिद्रांमुळे तो टपाल तिकिटांच्या कडेसारखा फाटतो.

एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन यांवर बहुतेक घरगुती गोंद धरतच नाहीत, म्हणून तिथे स्क्रू, तार किंवा शिवण वापरावी. मुठीची बाटली तिरकी कापली की मातीसाठी फावडे मिळते आणि वरचा भाग नरसाळे होतो. पीईटीच्या बाटलीचा वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवला आणि तोंडातून सुती वात पाण्यात सोडली, तर रोप आपले पाणी आपणच ओढून घेते.

बाटली न कापता केलेला सर्वांत कल्पक उपयोग ब्राझीलमधील आल्फ्रेडो मोझेर यांचा. त्यांनी २००२ मध्ये दोन लिटरच्या बाटलीत पाणी आणि थोडे ब्लीच भरून ती छपरात अर्धी वर, अर्धी खाली अशी बसवली. पाण्यामुळे ऊन वळून खोलीभर पसरते आणि ब्लीचमुळे शेवाळ धरत नाही. यात वीज नाही, त्यामुळे रात्री या बाटलीचा उपयोग नाही, आणि छपराचे भोक नीट बंद केले नाही तर पाऊस आत येतो.

बाटल्यांत प्लास्टिक ठासून विटा करण्याबाबत माझे मत सावध आहे. वेष्टनांसारख्या, ज्यांचे दुसरे काहीच होत नाही अशा तुकड्यांसाठी ती पद्धत ठीक आहे; पण ते धुऊन पूर्ण वाळवलेले हवेत आणि एका लिटरच्या बाटलीत निदान ३३० ग्रॅम भरले पाहिजेत, नाहीतर वीट दबते.

रसायने, कीटकनाशके किंवा इंजिन तेल असलेल्या बाटल्या खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी कधीही वापरू नयेत. उन्हात ठेवलेल्या वस्तू अधूनमधून हाताने चाचपाव्यात. अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीन लवकर ठिसूळ होते, आणि बोटाला पांढरी भुकटी लागू लागली की ती वस्तू तुकडे पडण्याआधीच काढून टाकावी.