हजेरीचे रकाने

१९६९ साली मी आठवीत होतो. मुंबईच्या गिरणीत काम करणारे माझे वडील क्षय घेऊन गावी परतले, शेजाऱ्यांनी आमच्या घरचे पाणी वर्ज्य केले आणि मी पंधरा दिवस शाळेत गेलोच नाही. सोळाव्या दिवशी वर्गशिक्षक हजेरीपुस्तक काखेत घेऊन घरी आले. आईने संकोचाने पुढे केलेल्या तांब्यातले पाणी ते सावकाश प्यायले आणि म्हणाले, "उद्यापासून याला पाठवा."

स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी जरा बरे वाटू लागताच वडिलांनी तालुक्याला जाणे सोडले. मी मॅट्रिक होण्याआधीच ते गेले.

पुढे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकून मी लष्करात छातीच्या विकारांचा डॉक्टर झालो. वॉर्डात प्रत्येक जवान सिस्टरसमोर गोळ्या गिळत असे आणि उपचार आटोपेपर्यंत त्याला पलटणीत परतता येत नसे, त्यामुळे रुग्ण बरे होत आणि त्याचे सारे श्रेय मी औषधांना देत असे. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने घरी राहून औषधे घेणारे रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात हे दाखवून दिले होते. मात्र त्यासाठी त्यांच्या घरी किती वेळा जावे लागले असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

तो विचार निवृत्तीनंतर जिल्ह्यातील क्षयरोग कार्यक्रमात काम करताना करावा लागला. रुग्णाला सांगावे लागे की तपासणीसाठी थुंकी नको, खोलवर खोकून काढलेला बेडका हवा. रिफाम्पिसिनमुळे लघवी तांबडी होईल, ते रक्त नव्हे. पण खरी कसोटी दुसऱ्या महिन्यानंतर लागे. खोकला थांबलेला, वजन वाढलेले आणि जंतू मात्र अजून शिल्लक, नेमक्या त्याच वेळी माणूस औषध सोडून देई. अशा अर्धवट उपचारातून आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारा क्षय उद्भवला की तेव्हा दोन वर्षे औषधे घ्यावी लागत आणि इंजेक्शनांनी काहींची श्रवणशक्ती जाई.

एका नोव्हेंबरात असाच एक रुग्ण ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला. मुकादमाकडून पत्ता काढून मी कारखान्याच्या तळावर पोहोचलो. कोपीत त्याच्या पत्नीने दिलेले पाणी प्यायलो आणि उरलेल्या चार महिन्यांच्या औषधांचा डबा तिथल्या आशाताईंच्या हाती दिला. मार्चमध्ये त्यांनी त्याचे उपचार कार्ड माझ्याकडे पाठवले, तेव्हा त्यावरचा एकही रकाना रिकामा नव्हता.