तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कोणतं फूल उमललं?

झाड ओळखताना पाकळ्या सोडून फुलांचा दांडाच का न्याहाळता, हा प्रश्न नागपुरात बहावा फुलला की हमखास येतो. दांड्यावर आधी कोणतं फूल उमललं, यावरून फुलोऱ्याचा (दांड्यावरच्या फुलांच्या मांडणीचा) प्रकार कळतो आणि झाड ओळखायला मदत होते. तर बहाव्यावरूनच सांगतो.

एप्रिल-मेमधला एखादा घोस हातात धरा. फांदीकडची फुलं पूर्ण उमललेली, काहींच्या पाकळ्याही गळालेल्या. टोकाला मात्र हिरवट, घट्ट कळ्या. दांड्याचा शेंडा वाढतच राहतो आणि नव्या कळ्या तिथे येतात, म्हणून सगळ्यात जुनं फूल बुडाशी. ही मंजिरी, अकुंठित फुलोरा. घोस लोंबता असल्यानं वरचं फूल शेंड्याचं वाटतं आणि उत्तर उलटं लिहिलं जातं. बूड म्हणजे दांडा फांदीला जुळतो ती बाजू, मग ती आकाशाकडे का असेना.

मोगऱ्यात बहुधा तीन कळ्या एकत्र येतात. मधली आधी उमलते, कारण दांड्याची वाढ तिच्यातच संपलेली असते. उरलेल्या बाजूनं फुटतात. हा कुंठित फुलोरा. म्हणून मधली कळी तेवढी खुडावी, अख्खा झुपका ओरबाडू नये.

तुळस भल्याभल्यांना चकवते. तिची मंजिरी खालून वर फुलत जाते खरी, पण प्रत्येक पेऱ्यावर समोरासमोर तीन-तीन फुलं असतात आणि त्या तिनांत मधलं आधी. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच दांड्यावर. साधं भिंग पुरतं.

परसातला थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुलू द्या. छत्रीच्या काड्या एकाच जागेतून निघतात, प्रत्येकीच्या टोकाला पुन्हा छोटी छत्री. इथे दांडाच आखडलेला, त्यामुळे बूड म्हणजे कड: कडेची फुलं आधी. शिवाय मुख्य खोडावरची छत्री बाजूच्या फांद्यांच्या आधी फुलते. सगळे धणे वाळायची वाट बघत बसलात, तर पहिले गळून जातात.

सूर्यफुलात काड्याही नाहीत. चकतीवर शेकडो फुलं खेटून बसलेली. बाहेरची प्रत्येक पिवळी ‘पाकळी’ हे एक अख्खं फूल, बहुतेक वेळा वांझ. उमलणं कडेकडून मध्याकडे. मधल्यांची पाळी शेवटी येते, तोवर कडेच्या दाण्यांनी अन्नरस ओढलेला असतो. मधले दाणे पोचट निघण्याचं हे एक कारण.

ओळखायला फोटो पाठवताना एकट्या फुलाचा नको. दांडा जिथे फांदीला जुळतो तिथपासून शेंड्याच्या कळीपर्यंत सगळं एका चौकटीत घ्या, आणि घोस लोंबता होता की उभा, तेही लिहा.