अर्थ मिळत नाही

आमच्या गाडीतलं पेट्रोल चालवलं की वाढायचं. ठाण्यात कापूरबावडीला काटा अर्ध्यावर असला, तर घोडबंदर रोडच्या कोंडीत तासभर रखडून वाघबीळला पोहोचेपर्यंत तो पाऊण टाकी दाखवायचा. बायको म्हणाली, "माझ्या स्कूटरलाही हे एक बसवून घे ना."

गाडी साठच्या दशकातली, इंग्रजी, दोन माणसांची, कापडी टपाची. नाव सांगत नाही. नाव ऐकलं की लोक किंमत विचारतात, आणि किंमत ऐकली की माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. तिचा वेग मैलांत, ऑइलचं प्रेशर पौंडांत आणि टाकी गॅलनात. साडेचार लिटरचा एक गॅलन, हा पाढा मी पंपावर उभा राहून म्हणतो. पण काचेमागचे काटे असे देखणे, की त्यांच्यासाठी बाकी सगळं सोसावं. किल्ली फिरवली की पेट्रोलचा काटा ताडकन उठत नाही. रविवारी सकाळी नऊला उठवलेल्या मुलासारखा, आळोखेपिळोखे देत वर येतो.

असा काटा खोटं बोलेल, हे मनातच येत नाही. श्रावणातल्या एका संध्याकाळी मानपाड्याच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी दोन आचके देऊन थांबली. वरून पाऊस, टप गळतोय, मागे हॉर्नचा गजर. धक्का मारायला आलेल्या रिक्षावाल्याने पहिला प्रश्न विचारला, "पेट्रोल आहे ना, काका?" मी रुबाबात काट्याकडे बोट दाखवलं. अर्ध्याच्याही वर होता. टाकी ठणठणीत कोरडी होती.

त्यानंतर मी एक लाकडी फूटपट्टी सीटमागे ठेवली. टाकीचं तोंड सरळ खाली उतरतं, त्यामुळे पट्टी बुडवायची, ओली रेघ बघायची आणि लगेच बघायची, कारण पेट्रोल बघता बघता उडून जातं. पंपावरची पोरं हसायची.

दुरुस्तीही केली, म्हणजे करायला गेलो. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ पितळी फ्लोट काढून कानाशी हलवला. आत पेट्रोल शिरलं असेल तर खळखळ ऐकू येते. काही ऐकू आलं नाही. शिवाय फ्लोट फुटून बुडाला असता तर काटा खाली पडला असता, वर कसा जाईल? हे शहाणपण सगळे स्क्रू परत आवळल्यावर सुचलं. त्याच महिन्यात इंजिनाच्या तापमानाचा काटाही लाल रेघेकडे झुकायला लागला होता. त्याच्यासाठी रेडिएटर धुऊन घेतला, थर्मोस्टॅट बदलला. काटा जागचा हलला नाही.

शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका गल्लीत, जुन्या गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या मामांकडे गेलो. मी दोन्ही आजारांचं पुराण सुरू केलं, तर ते मध्येच म्हणाले, "दोन शेजाऱ्यांचे दिवे एकदम गेले तर बल्ब बदलत बसता का, साहेब? खाली मीटर बघता ना?" आणि डोकं डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर, अशा अवस्थेत ते दिसेनासे झाले. पुढचं सगळं संभाषण मी त्यांच्या चपलांशी केलं.

या गाडीत दोन्ही काट्यांना बॅटरीचे बारा व्होल्ट थेट मिळत नाहीत. मध्ये काडेपेटीपेक्षाही लहान पत्र्याची डबी असते, स्टॅबिलायझर. आत दोन धातू चिकटवून केलेली पट्टी आणि तिच्याभोवती तार. तार तापली की पट्टी वाकते आणि करंट तुटतो. गार झाली की पुन्हा जुळतो. इस्त्रीत असते तीच युक्ती. सतत चालू-बंद होऊन सरासरी दहा व्होल्ट पुढे जातात. काट्यांच्या पोटातही तशीच तापणारी पट्टी, म्हणून तर ते इतके संथ, आणि संथ म्हणूनच त्यांना ही उघडझाप जाणवत नाही. हा आळस मी इतकी वर्षं खानदानी समजत होतो!

डॅशबोर्डखालून आवाज आला, "अर्थ मिळत नाही."

"कशात?" मी विचारलं.

"डबीला हो. स्क्रू गंजलाय."

आमच्या खाडीच्या हवेत गंजायला फार काळ लागत नाही. डबीला बॉडीचा अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, त्या एका स्क्रूतून मिळायचा. तो तुटल्यावर आतली तार तापेना, पट्टी वाकेना, करंट तुटेना. मग बॅटरीचं सगळं बळ थेट काट्यांना. इंजिन चालू असलं की चार्जिंगमुळे तेही चौदा व्होल्टपर्यंत. म्हणजे गाडी चालली की पेट्रोल वाढणारच! इंग्रजांचा अर्थ आणि आपला अर्थ उच्चाराला एकच कसा झाला कोण जाणे, पण त्या दिवशी दोन्ही त्याच स्क्रूखाली सापडले. थर्मोस्टॅटच्या बिलाचा अर्थ मात्र अजून लागायचाय.

मामांनी पॉलिश पेपरने पत्रा घासला, स्क्रू बदलला, वर व्हॅसलीनचं बोट फिरवलं. टेस्ट लॅम्प लावला तर तो काजव्यासारखा लुकलुकायला लागला. "हे बघा, डबी जिवंत आहे."

मी किल्ली फिरवली. तापमानाचा काटा शहाण्यासारखा मध्याच्या खाली थांबला. पेट्रोलचा आळस देत उठला, पावाच्या जरा अलीकडे रेंगाळला, आणि मग त्याच सावकाशीने खाली, अगदी खालच्या रेघेवर येऊन टेकला. आम्ही दोघं बघत राहिलो. दुरुस्तीला जायचं म्हणून मी त्या सकाळी फूटपट्टी घरीच ठेवून आलो होतो.

"मामा," मी म्हटलं, "जवळचा पंप कुठंय?"

"चढावर आहे," मामा म्हणाले, आणि हात पुसत धक्का द्यायला मागे गेले.